थांबायला निमित्त

“श्वास रोखा,” असं म्हणून डॉक्टरबाई पुढचं ‘सोडा’ म्हणायला विसरल्या, आणि निवृत्ती डेर्ले हा सांगितलेलं ऐकणारा माणूस असल्यामुळे तो रोखून बसला. सातपूरच्या कारखान्यात वर्षातून एकदा होणारी आरोग्य तपासणी कँटीनमध्येच भरायची. एका कोपऱ्यात चादर टांगून तिच्यामागे छाती, चादरीच्या अलीकडे वजन आणि उंची, आणि सगळ्यावर आमटीच्या फोडणीचा वास. दरवर्षी येणारे म्हातारे डॉक्टर शर्टावरूनच नळी टेकवायचे, ‘फर्स्ट क्लास’ म्हणायचे आणि पुढच्याला हाक मारायचे. यंदा त्यांच्याऐवजी या डॉक्टर सुहाना आल्या होत्या, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या आणि शिकलेलं अजून न विसरलेल्या. त्यांनी शर्ट काढायला लावला. नळी छातीच्या डाव्या अंगाला टेकली, थांबली, दोन बोटं वर सरकली, पुन्हा थांबली. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तशा बाई डोळे मिटून ऐकत होत्या. निवृत्ती चादरीवरची मोरांची रांग बघत होता. मोर हळूहळू फिके पडले, मग पांढरे झाले, आणि त्या पांढुरक्या क्षणी त्याला कुठलं तरी फार जुनं, ओल्या मातीच्या वासाचं सुख आठवायला लागलं. ते नेमकं कसलं, हे हाताशी येणार तेवढ्यात बाईंनी डोळे उघडले आणि त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या, “अहो काका, सोडा की श्वास.”

एक्केचाळिसाव्या वर्षी काका म्हणवून घेण्याचा धक्का जास्त की पुढच्या वाक्याचा, हे त्याला नंतरही ठरवता आलं नाही. छातीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उतरलेल्या पांढऱ्या वणाकडे बघत बाईंनी विचारलं, हे कधीचं. त्याने सांगितलं, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, मुंबईला, दुरुस्त झालं. त्यानंतर दाखवलं का कधी, असं त्यांनी विचारल्यावर तो हसला. दुरुस्त झालेली गोष्ट कोण कशाला दाखवेल. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आवाज आहे. पुढे जातानाही आहे आणि मागे येतानाही आहे. एवढं बोलून त्यांनी एका कागदावर मोठ्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, आणि चादरीपलीकडून पुढचा माणूस शर्टाची बटणं सोडत आत आला.

स्टोअरच्या आपल्या खिडकीत येऊन निवृत्ती बसला. कारखान्यातलं सगळं जग या खिडकीशी चालत यायचं. कुणाला बेअरिंग हवी, कुणाला हातमोजे, कुणाला नुसत्या गप्पा. निवृत्तीला कुठेच जावं लागत नसे. ही नोकरी मिळाली तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्या स्वभावाला साजेशी जागा देवाने शोधून दिली. कारण स्वभाव निवांत. कंपनीने एकदा त्याला ‘शांत व संयमी कर्मचारी’ म्हणून घड्याळ दिलं होतं, तेही मागे पडणारं. आता पहिल्यांदाच तो स्वतःच्या छातीकडे कान देऊन बसला आणि त्याला खरंच काही तरी ऐकू आल्यासारखं वाटलं. पुढे, मागे. नीट न लागणारं दार वाऱ्याने हलत राहावं, तसं. बेअरिंग न्यायला आलेल्या पोरग्याने तीनदा हाक मारली तेव्हा त्याने विचारलं, तुला आवाज येतोय का रे. पोरगा म्हणाला, प्रेसचा येतोय साहेब, तो रोजच येतो.

मग पुढचे काही आठवडे झोपेत चालल्यासारखे गेले. त्याला एका अरुंद नळकांड्यात आडवं घातलं, आणि आतून एक ध्वनिमुद्रित बाई हिंदीतून श्वास रोखायला आणि सोडायला सांगत राहिली; ती मात्र काही विसरत नव्हती. बाहेर हातोडे पडल्यासारखे आवाज, आणि आत निवृत्ती मोठ्या शांततेत सायखेड्याला पोहोचला होता. मळ्याच्या बांधावर एक जांभळ्या ओठांचं पोर उकिडवं बसलंय. बाकीची पोरं नदीकडे पळाली आहेत, त्यांचा आरडाओरडा लांबून येतोय. हे पोर चार पावलं पळालं की बसतं. गुडघे पोटाशी घट्ट धरून बसलं की छातीतली ओढ हळूहळू उतरते, कानातला सूं थांबतो, आणि बसलेल्या उंचीवरून दिसणारं जग सुरू होतं: मुंग्यांची ओळ, हरभऱ्याच्या घाट्याला लागलेली अळी, पाटाच्या पाण्यावर तरंगत येणारा पिवळा पापुद्रा. कँटीनमध्ये हाताशी आलेलं सुख ते हेच होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं तसं बसायला. आई म्हणायची, पोरगं जन्मापासून म्हाताऱ्यावानी बसतंय. नळकांड्यातून बाहेर काढल्यावर तंत्रज्ञाने विचारलं, भीती वाटली का. तर निवृत्ती म्हणाला, नाही, बरं वाटलं, आणखी थोडा वेळ चाललं असतं.

मुंबई नाक्याजवळ बसणारे डॉक्टर क्षत्रिय आडनावाच्या मानाने फार मवाळ होते. त्यांनी पडद्यावर त्याचं हृदय लावलं. करड्या रंगाची एक मूठ उघडझाप करत होती. निवृत्ती तिच्याकडे दुसऱ्याच्या मुलाकडे बघावं तसा कौतुकाने बघत राहिला. डॉक्टरांनी सांगितलं की जन्मतः त्याच्या हृदयात चार बिघाड एकदम होते, आणि त्यातला मोठा म्हणजे फुप्फुसाकडे जाणारी वाट फार अरुंद होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती वाट चिरून, ठिगळ लावून मोठी केली, म्हणून तो जगला. पण रस्ता रुंदीकरणात घराचं दार जातं तसं त्या वाटेवरची झडप गेली. तेव्हा तसंच करत, दुसरा उपाय नव्हता. तेव्हापासून उजव्या कप्प्यातून पुढे ढकललेलं रक्त थोडं परत येतंय. दर ठोक्याला. किल्ली विसरलेला माणूस जिन्यावरून परत फिरतो तसं. आणि ते परत आलेलं रक्त सांभाळता सांभाळता कप्पा बिचारा फुगत गेलाय. आता नवी झडप बसवावी लागेल. वाट इतकी रुंद आहे की पायातल्या शिरेतून घातली तर ती टिकणार नाही, छातीच उघडावी लागेल.

प्रश्न एवढाच होता की कधी. इथे डॉक्टर क्षत्रियांनी चष्मा काढला आणि ते बराच वेळ बोलले, त्यातलं बायकोने, उज्वलाने, सगळं ऐकलं आणि निवृत्तीने निम्मं. नवी झडप जनावराच्या ऊतीची, ती कायमची नसते. दहा-बारा वर्षांत, कुणाला पंधरा, तीही झिजते, की पुन्हा छाती उघडा. म्हणून उगाच लवकर करायची नाही. पण उशीर केला, तर झडप नवी बसते आणि फुगलेला कप्पा मात्र पुन्हा जागेवर येत नाही. आणि तसल्या ताणलेल्या हृदयाचे ठोके एखाद्या दिवशी भलतीच चाल धरतात, मग माणूस उभ्याउभ्या जातो. “या दोन्हींच्या मध्ये एक काळ असतो,” डॉक्टर म्हणाले. “तो निघून गेल्यावर कळतो, ही अडचण आहे. तुमचे आकडे अगदी काठावर आहेत. म्हणून मी आकड्यांना विचारून थकलो, आता तुम्हाला विचारतो. त्रास होतो का काही?”

निवृत्तीने प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. डॉक्टरांनी उज्वलाकडे पाहिलं. उज्वला पडद्यावरच्या उघडझाप करणाऱ्या मुठीकडे बघत होती.

नाशकात त्या वर्षी सगळ्यांनाच सगळं सिंहस्थाच्या आधी किंवा सिंहस्थानंतर करायचं होतं. रस्ते खोदून ठेवलेले, पूल अर्धे, लग्नं आधी आणि घराचे रंग नंतर. निवृत्तीने ठरवलं, सिंहस्थानंतर बघू. त्याने हे डॉक्टरांना फोनवर सांगितलं. मग ते म्हणाले की झडप साधारण एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत टिकते, हे खरं. पण कप्पा पंचांग बघत नाही. कँटीनमध्ये बातमी पसरल्यावर वेगळीच पंचाईत झाली. हृदय म्हणजे एकतर अँजिओ नाहीतर बायपास, याच्या पलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं, आणि तंबाखू नाही, दारू नाही, मटण महिन्यातून एकदा, अशा माणसाला हृदयाचा आजार व्हावा यात लोकांना आपल्या मित्रत्वाचा अपमान वाटला. एकजण तर खाजगीत म्हणाला, काही लपवत असशील तर आम्हाला सांग. वेल्डिंगच्या अमीरभाईंनी तेवढं नीट विचारलं. ते म्हणाले, व्हॉल खराब म्हणजे बदलायचाच ना, आपण इथे काय करतो. निवृत्ती म्हणाला, पण गळका व्हॉलसुद्धा चालतोय म्हटल्यावर शटडाऊन कधी घ्यायचा, यावर आपल्याकडे किती मीटिंगा होतात. अमीरभाईंना ते पटलं.

रविवारी तो सायखेड्याला गेला. आई, कुसाबाई, ओट्यावर लसूण सोलत होती. तिला सांगायचं म्हणजे नवसाच्या गोष्टीला हात घालावा लागणार होता, आणि घरात ती गोष्ट कुणी काढत नसे. पोर वाचलं तर सप्तशृंगीला चांदीचं हृदय वाहीन, असा वडिलांचा, गेणूबापूंचा, नवस होता. मुंबईहून पोर गुलाबी ओठांचं परत आलं, गाव ते ओठ बघायला लोटलं, आणि बापू नाशकाच्या सराफाकडे गेले. सराफाकडे चांदीचे डोळे होते, हात होते, पाय होते, पाळणे होते. हृदय नव्हतं. आजवर कुणी मागितलंच नव्हतं. आतलं असल्यामुळे ते कसं दिसतं हेही कुणाला नक्की माहीत नव्हतं. शेवटी सराफाच्या मुलाने पत्त्यांचा जोड काढला आणि बापूंनी बदामाच्या एक्क्यावर बोट ठेवलं. तो चांदीचा बदाम घेऊन बापू पोराला खांद्यावर बसवून गड चढले. आणि नवस फिटला. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दरवर्षी दाखवायला आणा. पण कुसाबाईंचा हिशेब सरळ होता. जे देवीने दिलं आणि ज्याचं देणं आपण चुकतं केलं, ते पुन्हा नळ्या लावून तपासायचं म्हणजे देवीच्या तोंडावर खोटं म्हणण्यासारखं. पहिल्या वर्षी बोलावणं आलं, दुसऱ्या वर्षी आलं, मग मुंबईही थकली. इतकी वर्षं त्या रक्ताने दर ठोक्याला थोडं मागे यावं आणि ते कुणी पाहू नये, याची सोय अशी अत्यंत श्रद्धेने झाली होती.

त्याने सांगितलं तेव्हा कुसाबाईंचे हात थांबले नाहीत. बऱ्याच पाकळ्या झाल्यावर ती म्हणाली, “म्हंजी म्या कमी पडले का गडावरली आई कमी पडली?” निवृत्ती म्हणाला, कुणीच नाही, तेव्हा तेवढंच करता येत होतं. तिने लसणाची टरफलं फुंकली. “मंग आता तरी दाखव बाबा. मला इच्यारून नको ठरवू. माझं आईकलं त्यात लय वरसं गेली.” परत येताना चांदोरीपर्यंत एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने त्याला विचारलं, डोळ्यात काही गेलंय का. तो म्हणाला, लसूण.

पण खरी भीती अजून कुणाला सांगितलेली नव्हती. ती मरणाची नव्हती. मरणाविषयी त्याला लहानपणापासून एक ओळखीचा परकेपणा होता, गावातल्या एखाद्या दूरच्या भाऊबंदासारखा. भीती अशी की तो आता दुपारी खिडकीत बसून आपलं आयुष्य पहिल्यापासून वाचायला लागला होता, आणि दर पानावर त्याला ती झडप सापडत होती. त्याला वाचनाची आवड होती असं तो समजायचा. आता आठवलं की गडाच्या पायऱ्यांवर दात्यांची जी नावं कोरलेली असतात ती सगळी त्याला पाठ आहेत, कारण दर थोड्या पायऱ्यांनी तो थांबून ‘कै. यांच्या स्मरणार्थ’ वाचायचा, आणि बरोबरचे म्हणायचे, काय पण जिज्ञासा. शाळेत तो खेळला नाही, गुण लिहीत बसला. सर म्हणाले, निःपक्षपाती आहे. कॉलेजात मोर्च्यात तो शेवटी असायचा; मित्र म्हणाले, विचारी आहे. घर घेतलं ते तळमजल्यावर, बाग होते म्हणून. भांडण आलं की तो आवाज चढवत नसे, कारण चढलेला आवाज टिकवायला वारा लागतो; लोक म्हणाले, संत आहे. आणि त्याची ती प्रसिद्ध गोष्टीवेल्हाळ सवय, चालता चालता मध्येच थांबून, हात वर करून, ‘अरे हो, एक सांगायचं राहिलं’ म्हणण्याची. शंभर किस्से. प्रत्येक किस्सा एका चढावर जन्मलेला. त्याला वाटलं, आपण माणूस म्हणून जे काही आहोत ते सगळं थांबायला शोधलेलं निमित्त आहे; आणि उद्या छाती उघडून नवी झडप बसवली, की शुद्धीवर येणारा माणूस कोण असेल. तो भराभर जिने चढेल. त्याला सांगायला काही नसेल. कदाचित तो भांडेल. घड्याळ देऊन गौरवलेला हा माणूस मग कुठे जाईल, हे कुठल्याही मशीनवर दिसत नव्हतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी उज्वला होती. लग्न ठरायच्या वेळी दोघांना बोलायला म्हणून सोमेश्वरच्या धबधब्याकडे पाठवलं होतं, मागे तिची मावशी पन्नास पावलं अंतर ठेवून. खडकांमधून वर येताना उज्वला झपझप पुढे गेली, आणि तिने वळून पाहिलं तेव्हा तो थांबून एका झाडाकडे बोट दाखवत होता. खंड्या बसलाय बघा, तो म्हणाला, निळा. हळू, उडेल. ती परत खाली आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिली. नंतर तिने घरी सांगितलं होतं की मुलगा थांबून बघणारा आहे. हे वाक्य दोन्ही घरांत कौतुकाने फिरलं होतं. आता अर्धवट झोपेत ते झाड त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यायचं. पाणी वरून खाली पडण्याऐवजी थोडं वरही जायचं, खडक श्वास घेतल्यासारखे वरखाली व्हायचे, उज्वला परत परत खाली यायची. तिने माझ्याशी लग्न केलं की गळतीशी, असं तो त्या झाडाला विचारायचा.

एका संध्याकाळी, बागेतल्या दोन खुर्च्यांवर बसून, त्याने ते तिलाच विचारलं. म्हणजे तसं नाही विचारलं. तो म्हणाला, ऑपरेशननंतर माणसाचा स्वभाव बदलत असेल का गं. लेक सायली आत अभ्यास करत होती, म्हणून तो हळू बोलला. उज्वला कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक शर्ट पूर्ण केला.

“सोमेश्वरला तुम्ही मला खंड्या दाखवलात,” ती म्हणाली. “तिथं पक्षी नव्हता.”

तिने दुसरा शर्ट घेतला.

“मला वाटलं, आपल्याला दिसत नाही. चष्मा लागला की काय. मग तुमच्याकडे पाहिलं तर ओठ काळे पडलेले. मी उभी राहिले ती तेवढ्यासाठी. पक्षी बघायला नाही.”

मग घड्या घालताघालताच तिने बाकीचंही सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा सुरात. बाजारातून येताना पादचारी पुलाच्या जिन्यावर तिचा गुडघा धरतो, म्हणून ती मध्ये दोनदा बसते. तर तो गुडघा कधी धरलाच नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो दुखत होता तो फक्त निवृत्तीला थांबता यावं म्हणून. त्याला एकदा तेलही लावून दिलं होतं निवृत्तीने, रोज रात्री, महिनाभर. त्याने विचारलं, तेव्हा का नाही बोललीस. ती म्हणाली, तुम्ही एवढ्या मनापासून चोळत होता. आणि घरात ठरलंच होतं ना, की दुरुस्त झालंय. सासूबाईंना वाईट वाटलं असतं, तुम्हाला वाटलं असतं. म्हणून मग एकाने पक्षी दाखवायचे आणि एकीने गुडघा. तिने घड्यांचा ढीग उचलला. दारात थांबून, पाठमोरीच, म्हणाली, “स्वभाव बदलला तर बघू. मला नुसते तुम्ही हवेत. हळू का होईना, पण असलेले. आता मला सारखं मागे वळून बघवत नाही हो, की आहेत का अजून.”

त्या रात्री त्याने डॉक्टरांना निरोप पाठवला, की येतो.

डॉक्टर क्षत्रियांनी आधी एक चाचणी ठेवली होती. सायकल चालवायची, तोंडावर घट्ट मास्क, छातीवर तारा. ते म्हणाले, हे मशीन बरंच काही सांगेल, पण काठावरच्या माणसाच्या बाबतीत शेवटी मी त्याच्या तोंडाकडे बघतो. तुम्हाला त्रास नसेल तर वर्षभर थांबून पुन्हा मोजू, त्यातही चूक नाही. असेल तर थांबण्यात अर्थ नाही. म्हणजे निवड अशी समोर मांडून ठेवली होती, आणि एक शब्द बोलून निवृत्तीला आणखी एक वर्ष मिळणार होतं, तसंच्या तसं. काचेपलीकडे उज्वला बाकावर बसली होती. तंत्रज्ञ मोहिनीने मास्कचे पट्टे आवळले आणि सांगितलं, बोलता येणार नाही. थांबावंसं वाटलं तर हात वर करा.

तो चालवू लागला. सुरुवातीला सोपं होतं, सपाट रस्ता. मग मोहिनीने कुठलंसं बटण फिरवलं आणि रस्ता हळूच चढू लागला, भिंत मात्र होती तिथेच. कुठेही न जाणारा चढ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सांगायला काही आठवलं, पण तोंड बांधलेलं. बघायला काही शोधलं, तर समोर पांढरी भिंत, तिच्यावर एक खिळा. खिळ्यावर काही नाही. तो खिळ्याकडे बघत राहिला. पाय फिरत होते, आणि छातीत आता ते स्पष्ट ऐकू येत होतं, पुढे, मागे, पुढे, मागे, आणि ते मागे येणारं दर खेपेला काही तरी घेऊन येत होतं, हरभऱ्याचा वास, बापूंच्या खांद्याचा घाम, गडावरची घंटा, आणि आणलेलं सगळं तिथेच साठत होतं, कप्पा भरत होता, आणखी जागा नव्हती. खिळा पांढरा होऊ लागला. शरीराला गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे होते. त्याला कळलं की हा शरीराचा हट्ट म्हणजे त्याचा स्वभाव नव्हे. स्वभाव त्या हट्टाच्या अलीकडे उभा आहे, घामाघूम, आणि बिचारा इतकी वर्षं याला कुणी बघू नये म्हणून लोकांपुढे बोलत राहिलाय. त्याने हात वर केला.

मोहिनीने सायकल थांबवली, मास्क काढला, आणि पेन हातात घेऊन, ती सगळ्यांनाच विचारते तसं विचारलं, “कशामुळे थांबलात? पाय भरून आले की दम लागला?”

‘पाय’ जिभेवर तयार होता. इतका तयार, की तो जवळजवळ बोलून गेला. पाय कुणाचेही भरून येतात, त्यात काही निघत नाही. निवृत्तीने तो शब्द गिळला. त्यासाठीही त्याला दोन श्वास लागले.

“दम,” तो म्हणाला. आवाज फुटलाच नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. “दम लागतो मला. आज नाही फक्त. पहिल्यापासून लागतो.”

मोहिनीने मान डोलावून लिहून घेतलं. जन्मभर लपवून ठेवलेल्या गोष्टीला एवढीच जागा पुरली, याचं त्याला जरा वाईट वाटलं. डॉक्टर क्षत्रियांनी कागद पाहिला, त्याचं तोंड पाहिलं, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. वेळेत आलात, ते म्हणाले, अगदी वेळेत. कप्पा बराचसा परत येईल अशी आशा आहे. निवृत्तीने विचारलं, आणि मी. डॉक्टरांना प्रश्न नीट कळला नाही. ते म्हणाले, तुम्हीही.

बाहेरच्या लांबलचक बोळातून दोघं निघाली. अर्ध्यावर निवृत्ती थांबला. भिंतीवर काही लावलेलं नव्हतं, खिडकी नव्हती, ओळखीचं कुणी येत नव्हतं. तो नुसता थांबला, बोळाच्या मधोमध, तोंड उघडं टाकून, छाती दिसेल इतकी वरखाली होऊ देत. दोन पावलं पुढे गेलेली उज्वला वळली. तिचा हात सवयीने आपल्या गुडघ्याकडे गेला, आणि वाटेतच थांबला.

“दमलात?” तिने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.

“हो.”

ती परत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. मागून रिकामं स्ट्रेचर ढकलत एक माणूस आला आणि खाकरला. म्हणाला, साहेब, जरा बाजूला होता का, वाट अडते.

“तुम्ही काढा कडेने,” निवृत्ती म्हणाला. “मला वेळ लागेल.”